मैफलीआधीचा पैसा

पाश्चात्त्य देशांत अभिजात संगीताचा एक ठरलेला हंगाम असतो. सप्टेंबरच्या सुमारास तो सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, संपतो. कोणता पाहुणा पियानोवादक कोणत्या देशातून येणार, तो काय वाजवणार, त्याचे मानधन किती, हे सर्व खूप आधी निश्चित होते. आपल्याकडे मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचेही असेच हंगाम होतात आणि त्यांत परदेशी पाहुणे कलाकार येतात. श्रोत्याला दिसतो तो प्रकाशात उभा असलेला काळा पियानो आणि त्यावर फिरणारी दहा बोटे. व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न सहज येतो : पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वी या सगळ्यात पैसा कोणी घातला?

हा प्रश्न क्षुद्र नाही. मैफलीनंतर येणारा पैसा आनंदाची किंमत असतो. मैफलीआधी बांधलेला पैसा मात्र काहीतरी घडवून आणतो. जे अजून अस्तित्वात नाही, ते अस्तित्वात यावे म्हणून तो दिलेला असतो. म्हणून त्यातून जे घडेल, त्याच्याशी देणाऱ्याचा संबंध अधिक जवळचा असतो. हे समजून घेण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका संगीत-हंगामाचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. तो हंगाम १८७२-७३ चा, स्थळ अमेरिका आणि पाहुणे कलाकार रशियाचे आंतोन रुबिनस्टाइन.

हंगामामागे उभी होती ती एक कौटुंबिक पेढी. जर्मनीतील झेसन या गावी हाइनरिख श्टाइनवेग नावाचे कारागीर पियानो तयार करीत. १८५० साली ते कुटुंबासह न्यूयॉर्कला गेले. पितापुत्रांनी प्रथम इतरांच्या कारखान्यांत काम करून तिथली पद्धत शिकून घेतली आणि १८५३ मध्ये स्वतःची पेढी काढली. स्थानिक लोकांच्या जिभेला सोपे जावे म्हणून नाव केले ‘स्टाइनवे अँड सन्स’. एक मुलगा यंत्ररचनेत निष्णात होता. तारा एकमेकींवरून तिरप्या नेण्याची जी रचना त्याने ग्रँड पियानोत बसवली, तिचे पेटंट १८५९ चे आहे. दुसरा मुलगा, विल्यम, बाजार ओळखणारा होता. १८६५ साली दोन कर्तबगार भाऊ एकाच वर्षी वारले, तेव्हा जर्मनीत मागे राहिलेला थोरला भाऊ थिओडोर तिथला व्यवसाय सोडून मदतीस आला. थिओडोरने कारखाना पाहावा आणि विल्यमने व्यापार, अशी वाटणी झाली. एकत्र कुटुंबाची पेढी कशी तगते, हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्यांना या कथेत अनोळखी असे काही वाटणार नाही.

विल्यम स्टाइनवे यांना एक गोष्ट उमगली होती. पियानो ही महागडी वस्तू आहे; नुसती जाहिरात वाचून गृहस्थ ती घेत नाही. त्या वाद्यातून काय निघू शकते, हे आधी कानांनी ऐकावे लागते. म्हणून १८६६ साली न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर पेढीने दोन हजारांहून अधिक श्रोते बसतील असे सभागृह बांधले. सभागृहात जाण्याची वाट पियानोंच्या विक्रीदालनातून होती. संगीत ऐकायला आलेला माणूस मांडून ठेवलेल्या वाद्यांमधून आत जाई आणि मैफल संपल्यावर त्यांच्यामधूनच बाहेर पडे. चार्ल्स डिकन्स या विख्यात इंग्रज कादंबरीकाराने अमेरिकेच्या दौऱ्यात आपल्या साहित्याचे जाहीर वाचन केले, तेही याच सभागृहात.

सभागृह झाले, पण त्याला साजेसा वादक हवा होता. त्या काळी अमेरिका संपन्न होत होती, तरी संगीताच्या बाबतीत ती युरोपकडे पाही. रुबिनस्टाइन यांचा जन्म १८२९ चा. सेंट पीटर्सबर्ग येथील संगीत विद्यालयाचे ते संस्थापक. १८६२ मध्ये त्यांनी ते सुरू केले होते. पियानोवादनात लिस्ट यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाई. अशा कलाकाराला समुद्रापार आणायचे, आठ महिने ठेवायचे, शहरोशहरी फिरवायचे आणि तिकिटे विकली गेली नाहीत तरी त्याचे मानधन चुकवायचे, ही मोठी जोखीम होती. ती पेलण्यासाठी स्टाइनवे पेढी पाठीशी उभी राहिली. व्यवस्थापनाचे काम मॉरिस ग्राऊ या विशीतल्या तरुणाने पाहिले.

करारातील अटी पाहण्यासारख्या आहेत. रुबिनस्टाइन यांना प्रत्येक मैफलीचे २०० डॉलर मिळावयाचे होते, शिवाय प्रवास व निवासाचा सारा खर्च. मात्र त्यांनी एक अट घातली : रक्कम सोन्यात हवी. अमेरिकेतील बँकांवर आणि कागदी चलनावर त्यांचा विश्वास नव्हता. हा कलावंताचा लहरीपणा नव्हता. यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी अमेरिकी सरकारने १८६२ पासून ज्या हिरव्या पाठीच्या नोटा छापल्या होत्या, त्यांच्या बदल्यात सोने देण्यास सरकार बांधील नव्हते. ते बंधन १ जानेवारी १८७९ पासून पुन्हा लागू झाले. मधल्या काळात कागदी डॉलर आणि सोन्याचा डॉलर यांचे भाव वेगळे असत आणि न्यूयॉर्कमध्ये त्या फरकावर सट्टा चाले. १८६९ च्या सप्टेंबरात सोन्याचा बाजार मुठीत घेण्याचा जो प्रयत्न झाला, त्याने अनेक पेढ्या बुडाल्या. बाहेरदेशी राहणाऱ्या माणसाने अशा चलनात वर्षभराची कमाई अडकवू नये, एवढा व्यवहार रुबिनस्टाइन जाणत होते.

सहप्रवासी म्हणून विख्यात पोलिश व्हायोलिनवादक हेन्रिक व्हीनियाव्स्की होते. त्यांची प्रकृती नाजूक होती आणि रशियात ते आजारपणामुळे वारंवार गैरहजर राहत. अमेरिकेत मात्र त्यांनी एकही मैफल चुकवली नाही. त्याचे कारण रुबिनस्टाइन यांनी पुढे आत्मकथनात सांगितले आहे : प्रत्येक गैरहजेरीस १,००० फ्रँक दंड, असे कलम करारात होते. कलमाने हजेरी मिळवता येते. त्या हजेरीत माणसाचे काय झाले, याची नोंद मात्र करारात नसते.

२३ सप्टेंबर १८७२ रोजी न्यूयॉर्कच्या स्टाइनवे सभागृहात पहिली मैफल झाली. त्यानंतर २३९ दिवसांत २१५ मैफली झाल्या. रात्र आगगाडीत, दिवस नव्या गावात. कधी एका दिवसात दोन मैफली, कधी तीनही. बीथोव्हन, शोपाँ, शूमान आणि स्वतःच्या रचना, असा मोठा पल्ला ते स्मरणातून वाजवीत. ज्या गावांनी असा वादक कधी पाहिला नव्हता, तिथे लोकांनी गर्दी केली. मे १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी एकट्याच्या सात निरोपाच्या मैफली केल्या आणि यजमान देशाच्या ‘यँकी डूडल’ या लोकप्रिय धुनेवर स्वतः रचलेली रूपे वाजवून निरोप घेतला.

दर मैफलीस २०० डॉलर या हिशेबाने २१५ मैफलींचे ४३,००० डॉलर होतात, तेही सोन्यात. या कमाईनेच आपल्या आर्थिक स्थैर्याचा पाया घातला, असे रुबिनस्टाइन यांनी नमूद केले आहे. परतल्यावर त्यांनी ती रक्कम स्थावर मालमत्तेत गुंतवली. त्यांचा निर्णय किती वेळेवर होता, हे काही महिन्यांतच दिसले. १८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कूक आणि कंपनी ही अमेरिकेची नामवंत पेढी कोसळली, न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद ठेवावा लागला आणि दीर्घ मंदीला आरंभ झाला.

तरीही हा दौरा त्यांना गोड वाटला नाही. अशा दौऱ्यात कलेला जागा उरत नाही, माणूस वाजवणारे यंत्र होतो आणि आपलाच आपल्याला तिटकारा येतो, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले. दुसऱ्या दौऱ्यासाठी पहिल्याहून कितीतरी मोठ्या रकमा देऊ करण्यात आल्या, तेव्हा त्यांनी नकार दिला. उलट १८८५-८६ मध्ये युरोपातील मोठ्या शहरांत त्यांनी पियानो-संगीताच्या इतिहासावर सात-सात मैफलींची माला केली, तेव्हा रात्री वाजवलेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य पुन्हा वाजवण्याचा परिपाठ ठेवला. गरजेपुरते मिळाल्यावर थांबणे आणि आपल्याजवळच्या सर्वोत्तमाचे दान करणे, या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेला परक्या नाहीत. श्रावक ज्याला परिग्रह-परिमाण म्हणतो, त्याच्या जवळ जाणारेच हे वर्तन आहे.

स्टाइनवे पेढीच्या बाजूनेही खाते फायद्यात गेले. ज्या गावात रुबिनस्टाइन वाजवीत, तिथे वाद्याचे नाव पोहोचे. पाहुण्या वादकाचा हंगाम हीच पियानोची जाहिरात, हे सूत्र पक्के झाले. प्रतिस्पर्धी चिकरिंग पेढीने १८७५ मध्ये जर्मनीचे हान्स फॉन ब्यूलो यांना आणले. चायकोव्हस्की यांचा पहिला पियानो कन्चेर्टो जगात सर्वप्रथम ऐकला गेला तो याच दौऱ्यात, २५ ऑक्टोबर १८७५ रोजी बॉस्टनमध्ये. १८९१ मध्ये स्टाइनवे पेढीने पोलंडचे पादेरेव्स्की यांना ८० मैफलींसाठी ३०,००० डॉलरची हमी दिली. त्या श्रमात त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला इजा झाली, तरी ते वाजवीत राहिले. पुढे १९१९ साली ते स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान झाले.

येथे वही मिटावी, असे कोणालाही वाटेल. पेढीला बाजार मिळाला, कलाकाराला सोने मिळाले आणि श्रोत्यांना असे संगीत मिळाले, जे त्यांच्या गावी अन्यथा कधी पोहोचते ना. परंतु या हंगामाचे आणखी एक खाते आहे आणि ते वादकाच्या बोटांखालीच होते.

पियानोची पट्टी लाकडाची असते. त्या काळी चांगल्या पियानोच्या प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर हस्तिदंताचा पातळ पत्रा चिकटवलेला असे. हस्तिदंत घाम शोषून घेतो, बोट घसरू देत नाही, थंडही लागत नाही; म्हणून वादकांना तो प्रिय होता. अमेरिकेत या पत्र्यांचे काम कनेटिकट राज्यात एकवटले होते. डीप रिव्हर आणि आयव्हरीटन ही तिथली गावे. दुसऱ्या गावाचे नावच हस्तिदंतावरून पडलेले. सुळे कापून त्यांचे पत्रे काढीत आणि काचेच्या लांबलचक छपरांखाली उन्हात ठेवून ते पांढरेशुभ्र करीत.

सुळा हा हत्तीचा दात आहे. त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग कवटीच्या आत रुतलेला असतो. मेलेल्या हत्तीचा सुळा रानात सापडे, पण बाजाराची भूक तेवढ्याने भागणारी नव्हती. सुळ्यासाठी हत्ती मारला जाई.

पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंताची मोठी पेठ झांझिबार बेटावर होती. अमेरिकी व्यापारी तिथे जाडेभरडे सुती कापड नेत. ते इतके खपे की स्वाहिली भाषेत त्याचे नावच ‘मेरिकानी’ पडले. हे कापड, मणी आणि पितळी तार घेऊन तांडे मुख्य भूमीच्या आत, टांगानिका सरोवरापर्यंत आणि त्याही पलीकडे जात. परतताना सुळे माणसांच्या खांद्यांवरून किनाऱ्यापर्यंत येत. त्या माणसांत मजुरीवर आलेले हमाल असत आणि गुलामही असत.

या साखळीत हिंदुस्थानी पैसा होता. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. टिप्पू टिप या बलाढ्य तांडेवाल्याला भांडवल पुरवणारे तारिया तोपन हेही मूळचे कच्छचे. तांडा निघण्यापूर्वी माल उधारीवर दिला जाई आणि हिशेब सुळे आल्यावर होई. तांडा परतायला वर्ष लागो वा अधिक, पैसा मात्र आधीच बांधलेला असे. झांझिबारचा हस्तिदंत मुंबई बंदरातही मोठ्या प्रमाणावर उतरे. त्यातला काही पुढे युरोपात जाई आणि काही गुजरात, कच्छ, राजस्थानात नववधूच्या हातातील चुड्यांसाठी खपे. म्हणजे दोष केवळ दूरदेशीच्या पियानोचा नव्हता; आपल्या मंगलकार्यांचाही वाटा त्यात होता.

कालाचा योगायोग असा, की रुबिनस्टाइन अमेरिकेत गावोगावी वाजवीत होते, त्याच हिवाळ्यात, जानेवारी १८७३ मध्ये, सर बार्टल फ्रियर झांझिबारला पोहोचले. हे तेच फ्रियर, जे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते आणि ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला. गुलामांचा समुद्रमार्गे होणारा व्यापार बंद करावा, असा तह घेऊन ते आले होते. सुलतान बर्गश यांनी प्रथम नकार दिला. अखेर ५ जून १८७३ रोजी तह झाला आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. तहाने माणसाची विक्री थांबवण्याचा प्रयत्न केला. हत्तींबद्दल त्यात काही नव्हते. हस्तिदंताचा व्यापार पुढे वाढतच गेला.

ज्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातील व्यापारी जग गप्प होते, त्यावर आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी स्पष्ट लिहून ठेवले आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा येते. त्याच्याजवळ चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजव्यवहारात आणि चार कोटी घरसंसारात होते. भगवान महावीरांसमोर श्रावकव्रते घेताना त्याने व्यापार सोडला नाही; त्याला मर्यादा घातल्या. त्याच प्रसंगी सातव्या व्रताच्या संदर्भात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत पाच वाणिज्ये आहेत : दंत, लाक्षा, रस, केश आणि विष. दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंतासारख्या प्राणिज अवयवांचा व्यापार. केशवाणिज्याच्या अर्थात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची विक्री घेतली आहे, म्हणजे गुलामांचीही. झांझिबारच्या एकाच पेठेत ही दोन्ही वाणिज्ये शेजारी-शेजारी बसली होती.

दंतवाणिज्याची व्याख्या करताना हेमचंद्राचार्यांनी त्या वस्तूच्या उत्पत्तिस्थानी होणाऱ्या खरेदीवर बोट ठेवले आहे. असे का, याचे उत्तर आवश्यक सूत्रावरील जुन्या टीकापरंपरेत मिळते. व्यापारी रानातील पुलिंदांना आधी मोल देऊन ठेवतो आणि ‘दात द्या’ असे सांगतो. व्यापारी आता येईलच, या विचाराने ते हत्तींना मारतात. येथे शिकारी आधी आणि ग्राहक नंतर, असा क्रम नाही. पैसा आधी येतो, हिंसा नंतर. आगाऊ रक्कम ही केवळ व्यापारातील सोय नसून ती एक कृती आहे आणि तिच्या फळात देणाऱ्याचा भाग आहे, असे हे सांगणे आहे. कर्जव्यवहाराचा इतका सूक्ष्म नैतिक विचार अन्यत्र क्वचितच आढळेल. व्यवसाय म्हटला की उद्योगी हिंसा काही अंशी घडतेच, हे शास्त्र मान्य करते. परंतु जी हिंसा आपल्याच पैशाच्या बोलावण्यावरून घडते, तिला ‘ती दुसऱ्याने केली’ असे म्हणून खात्याबाहेर ठेवता येत नाही.

या कसोटीवर १८७२-७३ चा हंगाम पाहिला, तर त्यात मैफलीआधी बांधलेले दोन पैसे दिसतात. एक पैसा न्यूयॉर्कमध्ये बांधला गेला. त्यातून २१५ मैफली झाल्या आणि एका कलावंताला उर्वरित आयुष्याचे स्वातंत्र्य मिळाले. दुसरा पैसा झांझिबारच्या उधारीत बांधला गेला. त्यातून ते सुळे आले, ज्यांच्यावाचून त्या काळचा पियानो पुरा होत नव्हता. पहिल्या पैशाची नोंद विल्यम स्टाइनवे यांच्यासारख्यांच्या कागदपत्रांत झाली. त्यांची दैनंदिनी आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. दुसऱ्या पैशाच्या नोंदीत सुळ्यांचे वजन आणि भाव असे. मेलेल्या हत्तीसाठी त्यात रकाना नव्हता.

येथे निराश होण्याचेही कारण नाही, कारण चुकलेले खाते दुरुस्त करता येते आणि ते झालेही. १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड हा कृत्रिम पदार्थ निघाला. पुढे स्वस्त पियानोंच्या पट्ट्यांना तो वापरात आला. विसाव्या शतकात प्लास्टिकचे सुधारलेले प्रकार आले आणि स्टाइनवे पेढीने अमेरिकेतील आपल्या पियानोंत १९५० च्या दशकात हस्तिदंत सोडला. १९८९ साली वन्य जिवांच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराने आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय घेतला. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात १९८६ मध्ये भारतीय हत्तीच्या दंताचा आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद करण्यात आला. आजच्या नव्या पियानोच्या पट्ट्या कृत्रिम द्रव्याच्या असतात. जुने, हस्तिदंती पट्ट्यांचे वाद्य घेऊन एखादा पाहुणा कलाकार सीमा ओलांडू लागला, तर त्याला त्या वाद्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र दाखवावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी ज्या खात्याला रकाना नव्हता, त्याची आज सीमेवर तपासणी होते.

आणि संगीताचे काय बिघडले? काहीच नाही. बीथोव्हन व शोपाँ यांच्या रचना आजही त्याच ताकदीने वाजवल्या जातात. हस्तिदंतावाचून पियानो अशक्य आहे, असे मानणाऱ्यांचा तर्क काळाने खोटा ठरवला. अर्थात हिशेब पूर्ण निरंक झाला आहे, असेही नाही. तारेवर पडणाऱ्या हातोडीला लोकरीचा नमदा असतो आणि आतल्या यंत्रणेत चामड्याचे लहान तुकडे वापरले जातात. दुरुस्ती अपुरी असली, तरी झालेली दुरुस्ती खोटी ठरत नाही. उरलेले काम उरले आहे, एवढेच ती दाखवते.

व्यापारी कुटुंबांसाठी या जुन्या हंगामाचा अर्थ आजही ताजा आहे. आता सुळ्यांसाठी कोणी उधारी देत नाही. पण आगाऊ रक्कम देण्याचा व्यवहार रोजचाच आहे. हिऱ्यांच्या व्यापारात आपला समाज अग्रेसर आहे. आफ्रिकेतील यादवी युद्धांना हिऱ्यांच्या पैशाने खतपाणी मिळते, हे उघड झाल्यावर २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. तिच्या मुळाशी उत्पत्तिस्थानी जाणारा पैसा काय घडवतो, हाच प्रश्न होता. मिठाईवरील चांदीचा वर्ख कशात ठेवून कुटला जातो, हे समजल्यावर अनेक जैन घरांनी तो वर्ज्य केला, तेव्हाही हीच चौकशी झाली. पूजेच्या रेशमी वस्त्राविषयी काही घरांत हाच विचार सुरू आहे. कपाटात आजीचा हस्तिदंती चुडा असेल, तर तो विकणे वा विकत घेणे आज गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा तो चुडा कोठून आला, हे नातीला सांगणे अधिक मोलाचे आहे.

मालाचा भाव, मुदत आणि व्याजाचा दर हे तीन प्रश्न प्रत्येक व्यापारी विचारतोच. चौथा प्रश्न आनंद गाथापतीच्या परंपरेने दिलेला आहे : या पैशाच्या भरवशावर पलीकडच्या टोकाला कोण, काय करण्यास निघेल? उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच, असे नाही. पुरवठादाराला तो प्रश्न आवडेलच, असेही नाही. परंतु मोठा ग्राहक जेव्हा असा प्रश्न लेखी विचारतो, तेव्हा पुढची खेप बदलते, हे बाजारात वावरणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

पेढीची वही दिवाळीला पूजली जाते आणि अंतःकरणाची वही संवत्सरीला उघडली जाते. त्या दिवशी चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागताना ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही, असे जीव त्यात येतात. आफ्रिकेच्या रानातील हत्ती त्यातच आहे. पर्युषणाच्या दिवसांत घरातील कर्त्या माणसाने आणि नव्याने पेढीवर बसू लागलेल्या मुलाने एकदा शेजारी बसून वर्षभरात दिलेल्या आगाऊ रकमांची यादी पाहावी आणि प्रत्येक नावापुढे चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहून पाहावे. जिथे जागा कोरी राहील, तिथून पुढच्या वर्षाची चौकशी सुरू करता येईल.